गरज काय होती?

ताईला मी फोनवरच सांगितलं. समोर बसून सांगायचं असं आठवडाभर ठरवत होते, पण तिचा चेहरा नजरेसमोर आला की शब्द घशातच राहायचे. फोनवर निदान माझे हात तिला दिसणार नव्हते. चार्जरची वायर मी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते.

"ताई, मी बायसेक्शुअल आहे. मला पुरुष आवडतात तशा बायकाही आवडतात. आत्ताचं नाही हे. पहिल्यापासूनचं आहे."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग तिनं विचारलं, "तुमचं दोघांचं बरं चाललंय ना?"

"हो."

"दुसरं कोणी आहे का?"

"नाही गं."

"मग आता या वयात हे सांगायची गरज काय होती?"

ही गोष्ट २०२२ ची. मी तेव्हा ५२ वर्षांची होते, लग्नाला २७ वर्षं झालेली, लेक नोकरीला लागलेली. ताईच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. संसार मोडणार नव्हता, घर बदलणार नव्हतं, उद्या सकाळी माझा दिवस कालच्यासारखाच उजाडणार होता. मग एवढं मोठं वाक्य बोलून मी नेमकं काय मिळवलं? रडारड, भांडण, अबोला या सगळ्याची मी मनाची तयारी करून बसले होते. या एका साध्या प्रश्नाची मात्र केली नव्हती. मी "अशीच, वाटलं म्हणून सांगितलं" असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला. तो प्रश्न पुढे दीड-दोन वर्षं माझ्यासोबत राहायला आला.

आता थोडं मागं जाते.

१९८९ साली मी १९ वर्षांची होते. वसतिगृहात माझ्या शेजारच्या पलंगावर एक मैत्रीण होती. लिहिताना ती पेनाचं टोपण दातांत धरायची. त्या टोपणावर तिच्या दातांचे बारीक खळगे पडलेले असायचे. एकदा अभ्यास करताना ते माझ्या वहीत राहून गेलं. तिनं दोन दिवस शोधलं. पलंगाखाली वाकून पाहिलं, गादी उचलून पाहिली. मीही तिच्याबरोबर शोधल्यासारखं केलं आणि रात्री ते मुठीत धरून झोपले. का, ते मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला लागणारा शब्दच माझ्याजवळ नव्हता. आणि जो काही शब्द जगाजवळ होता, तो आजाराचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १७ मे १९९० ला. म्हणजे मी ते टोपण मुठीत धरून झोपत होते, तेव्हा कागदोपत्री ती एक व्याधी होती.

मैत्रीण शिक्षण संपवून गेली. पत्रं आली, कमी झाली, थांबली. मी अनेक महिने आतून सुकल्यासारखी होते आणि सगळे म्हणत होते की परीक्षेचा ताण आहे. पुढे २४ व्या वर्षी मला एक माणूस भेटला आणि मी त्याच्या प्रेमात पडले. खरं प्रेम. कोणी लादलेलं नाही, समजूत घालून केलेलं नाही. त्याच्याशी मी लग्न केलं आणि आजही संध्याकाळी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं.

माझी फसगत इथेच झाली. नवऱ्यावर माझं प्रेम आहे, म्हणजे ते टोपणाचं प्रकरण पोरवयातलं होतं, असा हिशेब मी लावून टाकला. एकदा उत्तर मिळालं की प्रश्न मिटतो असं आपण समजतो. मला पुढची तीस वर्षं अधूनमधून कोणीतरी बाई आवडत होती. एखादीचा आवाज, एखादीचं मान वळवून हसणं. प्रत्येक वेळी मी त्याला वेगळं नाव दिलं. हिच्याबद्दल आदर आहे. हिच्यासारखं आपण असायला हवं होतं. हिचा सहवास आवडतो. प्रत्येक नाव थोडंथोडं खरंही होतं, म्हणून तर ते इतकी वर्षं पुरलं.

५१ व्या वर्षी, एका मोठ्या आजारपणानंतर घरी पडून असताना, मी वाचायला लागले. आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन जीवशास्त्रज्ञानं १९४८ मध्येच सांगून ठेवलं होतं की माणसांचे दोन कप्पे पडत नाहीत. त्यानं शून्य ते सहा अशी एक पट्टी मांडली होती. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी ओढ, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधे कितीतरी माणसं. माझ्या जन्माच्या २२ वर्षं आधीची गोष्ट! मग फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाचं काम हाती लागलं. त्यानं १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बायसेक्शुअल लोकांचा एक गट सुरू केला होता, आणि किन्सीची पट्टी त्याला अपुरी वाटली म्हणून त्यानं एक तक्ता बनवला. सात ओळी: आकर्षण, प्रत्यक्ष वागणं, मनातली चित्रं, भावनिक ओढ, कुणात मिसळायला आवडतं, जगण्याची पद्धत, आणि आपण स्वतःला काय म्हणवतो. तीन रकाने: पूर्वी, आता, आणि मनासारखं झालं तर. एकूण २१ चौकोन, प्रत्येकात एक ते सात यातला एक आकडा.

मी तो वहीच्या कागदावर पट्टीनं आखला. पेन्सिलनं भरायला घेतला. 'प्रत्यक्ष वागणं' ही ओळ दोन मिनिटांत झाली. 'भावनिक ओढ, पूर्वी' या चौकोनात मी आकडा लिहिला, खोडला, लिहिला, खोडला. कागद तिथे इतका पातळ झाला की मागचं टेबल दिसायला लागलं. शेवटी जो आकडा खरा होता तो लिहिला आणि खोडरबराचा चुरा तळहातानं गोळा करत बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःशी खोटं बोलले नव्हते.

शब्दाचा प्रश्न होताच. मराठीत 'उभयलिंगी' म्हणतात, पण तो शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचला होता, गांडुळाच्या धड्यात. एकाच शरीरात नर आणि मादी, असा त्याचा अर्थ मनात पक्का बसलेला. तो माझ्याबद्दल काही सांगत नव्हता. 'द्विलैंगिक' बरोबर आहे, पण तो सरकारी अर्जातल्या रकान्यासारखा वाटतो, कुणाच्या कानात सांगता येत नाही. मी 'बायसेक्शुअल' घेतला. पुढे मंडळी नुसतं 'बाय' म्हणायला लागली. मराठीत 'बाय' ही मायेची हाकही आहे. मला ते फार आवडलं.

नवऱ्याला सांगितलं त्या रात्रीबद्दल मी जास्त लिहिणार नाही, ती एकट्या माझी नाही. एवढंच सांगते की त्यानं आधी विचारलं, "म्हणजे तू जाणार आहेस का?" मी नाही म्हणाले. मग त्यानं विचारलं, "मग आतापर्यंत आपल्यात जे होतं ते?" ते सगळं खरं होतं, हे त्याला पटवायला मला एक रात्र नव्हे, कित्येक महिने लागले. त्याचं चुकत नव्हतं. आपण मात्र ३० वर्षं विचार करून बोलतो आणि समोरच्यानं ३० सेकंदांत समजून घ्यावं अशी अपेक्षा करतो. जोडीदारालाही सोबत लागते, हे मला तेव्हा कळलं. अमेरिकेत अमिटी बक्सटन या बाईंनी अशा नवरा-बायकांसाठी एक आधारजाळं उभं केलं आहे. ज्यांच्या जोडीदारानं मागाहून सांगितलं, ते लोक तिथे एकमेकांशी बोलतात. त्याबद्दल मी वाचलं आणि नवऱ्याला वाचायला दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. बोलला काही नाही, पण दोनदा वाचलं.

ताईच्या फोननंतर मी माणसं शोधायला लागले.

पहिला अनुभव वाईट होता आणि तो लिहायलाच हवा, कारण पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात. एका गटाच्या बैठकीला गेले. समलिंगी स्त्री-पुरुष, ट्रान्स माणसं, सगळे होते. बहुतेक माझ्या लेकीच्या वयाचे. मी घाबरत घाबरत सांगितलं. एक मुलगी, फार हुशार आणि बहुधा फार सोसलेली, म्हणाली, "तुम्ही नवऱ्याबरोबर राहता. रस्त्यानं त्याचा हात धरून चालता. तुम्हाला कोण काय बोलणार आहे?" दुसऱ्या कोणीतरी 'कुंपणावर बसणारे' असं काहीसं म्हटलं. बाकीचे थोडे हसले. मी पण हसले, आणि घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडले.

तिचं म्हणणं अर्धं खरं होतं, म्हणून ते इतकं लागलं. नवऱ्याचा हात धरून चालताना मला खरंच कोणी काही बोलत नाही. ती जी किंमत मोजते ती मी मोजलेली नाही, हे मी आजही मान्य करते. पण रस्त्यावर जे सुरक्षित चालत असतं ते माझं अर्धंच माणूस असतं, हे तिला तेव्हा दिसलं नाही आणि मला सांगता आलं नाही. दुसऱ्या बाजूचंही तेच. एका जुन्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं प्रेमानं ऐकून घेतलं, पण बोलता बोलता मांडीवरची पर्स उचलून आमच्या दोघींच्या मधे ठेवली. तिला कळलंही नसेल.

त्या दिवसांत वाचलेला एक आकडा मी विसरू शकत नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०१३ मध्ये अमेरिकेत एक पाहणी केली होती. आयुष्यातल्या सगळ्या किंवा बहुतेक महत्त्वाच्या माणसांना आपल्याबद्दल माहीत आहे, असं म्हणणारे समलिंगी पुरुषांमध्ये ७७ टक्के होते, समलिंगी स्त्रियांमध्ये ७१ टक्के. बायसेक्शुअल लोकांमध्ये फक्त २८ टक्के. त्याच पाहणीत, कायमच्या नात्यात असलेल्या बायसेक्शुअल लोकांपैकी ८४ टक्के लोकांचा जोडीदार भिन्नलिंगी होता. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहिले आणि मला माझंच घर दिसलं. माझ्यासारखी माणसं कमी नव्हती. ती लग्नांत, घरांत, नोकऱ्यांत होती, आणि बाहेरून बघणाऱ्याला वेगळं असं काही दिसत नव्हतं. दिसत नव्हती म्हणून बोलत नव्हती, आणि बोलत नव्हती म्हणून एकमेकांना सापडत नव्हती.

मायकेल पेज यांनी १९९८ मध्ये बायसेक्शुअल लोकांसाठी झेंडा तयार केला. वर गुलाबी, खाली निळा, मधे जांभळा पट्टा. तो मधला पट्टा बाकीच्या दोन्हींच्या निम्मा आहे, म्हणजे पूर्ण झेंड्याचा जेमतेम पाचवा भाग. पेज यांचं म्हणणं असं की जांभळ्या रंगाचे कण गुलाबीत मिसळले तरी कळत नाहीत आणि निळ्यात मिसळले तरी कळत नाहीत, आणि बायसेक्शुअल माणसांचंही जगात तसंच होतं. पहिल्या बैठकीनंतरच्या रात्री मी हे वाचलं असतं तर नळ एवढा वेळ चालू राहिला नसता.

आणखी एक गोष्ट तेव्हा माहीत असायला हवी होती. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली, स्टोनवॉल या समलिंगींच्या बारवर पोलिसांनी छापा घातल्यावर झालेल्या उठावाला वर्ष झालं म्हणून जो मोर्चा निघाला, ज्यातून पुढे जगभरच्या प्राइड यात्रा सुरू झाल्या, तो उभा करणाऱ्यांमध्ये ब्रेंडा हॉवर्ड होती आणि ती बायसेक्शुअल होती. आम्ही कुणाच्या घरात मागाहून शिरलेले पाहुणे नाही. भिंती बांधताना विटा आम्हीही वाहिल्यात. हे मी त्या हुशार मुलीला नंतर एकदा सांगितलं. तिनं ऐकलं. आता आम्ही भेटलो की बोलतो.

दुसरा गट मला ओळखीच्या ओळखीतून कळला. चाळिशीनंतर ज्यांनी स्वतःशी कबूल केलं अशा बायसेक्शुअल माणसांचा. महिन्यातून एकदा भेटतात, दोन तास. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीत बसले, पर्सचा पट्टा खांद्यावरच ठेवून. उठून जायचं झालं तर वेळ जायला नको.

नऊ खुर्च्या होत्या, गोल मांडलेल्या. सात भरल्या. नियम सुरुवातीलाच सांगितले: इथलं बोलणं इथेच राहतं. खरं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. फोटो नाहीत. दुसऱ्यानं मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम मला तेव्हा साधा वाटला. आता मला वाटतं की सगळा गट त्या एका नियमावर उभा आहे. एक जण घड्याळ बघत होता, प्रत्येकाला सात मिनिटं. बोलायचं नसेल तर सात मिनिटं गप्प बसायचं, तेही चालतं.

एका साठीच्या गृहस्थांनी सगळी सात मिनिटं हातातल्या रुमालाच्या घड्या घालण्यात घालवली. चौकोन, त्याचा छोटा चौकोन, त्याचा आणखी छोटा. कोणी घसा खाकरला नाही, कोणी 'बोला ना' म्हटलं नाही. घड्याळवाल्यानं "धन्यवाद" म्हटलं आणि त्यांनी मान हलवली. इतक्या आदरानं कोणाचं मौन ऐकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी आजारपणाचं बोलले, तक्त्याचं बोलले, नवऱ्याचं बोलले. मग कुठून कोण जाणे, टोपणाची गोष्ट तोंडातून निघाली. ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. बोलून झाल्यावर माझे कान गरम झाले. आता कोणीतरी म्हणणार, एवढंच? टोपण? यावरून एवढं?

समोर एक बाई बसल्या होत्या, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी विचारलं,

"कुठल्या रंगाचं होतं?"

मला एकदम काही समजेना. मग म्हणाले, "हिरवं. पेन काळं होतं, पण टोपण हिरवं. मूळचं हरवलं होतं म्हणून तिनं दुसऱ्या पेनाचं लावलं होतं."

"हं," त्या म्हणाल्या आणि मान डोलावली, जणू आता त्यांना ते स्पष्ट दिसलं.

मी पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

त्या प्रश्नाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. त्यांनी मला 'मग तुला नक्की काय वाटायचं' असं विचारलं नाही. पुरावा मागितला नाही. टोपण मुठीत धरून झोपणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून तर त्या थेट रंगापर्यंत पोहोचू शकल्या. घरी, नवऱ्याशी, ताईशी, लेकीशी बोलताना मला दर वेळी पायापासून सुरुवात करावी लागत होती. ती माणसं माझ्यावर जीव टाकतात, तरीही. इथे कुणीतरी पाया धरून चालत होतं आणि मला वरच्या मजल्यावरचं बोलता येत होतं.

गटात आम्ही काय बोलतो असं लोक दबक्या आवाजात विचारतात. शरीराचं फार कमी बोलतो. सांगायचं की नाही, मुलांना कधी सांगायचं, सांगितल्यावर मुलगा दोन महिने बोलत नाहीये, त्याला वाट पाहू द्यायची की आपण फोन करायचा. एकाची बायको गेली आणि आता त्याला एक पुरुष आवडतो, तर बायकोशी बेइमानी होते असं त्याला वाटतं. एकीला आयुष्यात कधीच कुठल्या बाईचा हात हातात घेता आला नाही आणि आता घ्यायचाही नाही. तिला फक्त ते खरं होतं एवढं कुणीतरी मानायला हवं आहे. गुडघेदुखीचं बोलतो. तरुण मुलं किती सहज बोलतात याचा हेवा वाटतो, तेही बोलतो, आणि हेवा वाटल्याची लाज वाटते तेही.

आणि दुःखाचं बोलतो. उशिरा सापडण्याचं एक खास दुःख असतं. जे आयुष्य जगले त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते परत जगायला दिलं तर मी याच माणसाशी लग्न करीन, हीच लेक मागेन. तरीही एक १९ वर्षांची मुलगी तिथे वसतिगृहात मूठ आवळून झोपलेली आहे आणि तिला सकाळी कोणी उठवायला गेलं नाही. तिच्यासाठी मला रडायचं होतं, आणि माझ्या सुखी संसाराचा त्यात अपमान व्हायला नको होता. घरात या रडण्याला जागा नव्हती. कोणी मनाई केली नव्हती, पण नवऱ्यानं ते पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, 'माझ्यात काही कमी पडलं'. गटात मी रडले तेव्हा तसं कुणालाच वाटलं नाही.

ईलान मायर या अभ्यासकानं २००३ मध्ये अल्पसंख्य लैंगिकतेच्या माणसांवर येणाऱ्या ताणाची मांडणी केली. प्रत्यक्ष कुणी त्रास देणं हा त्यातला एक भाग. नाकारलं जाईल या अपेक्षेत सतत सावध राहणं, लपवत राहणं, आणि जगाचा तिटकारा हळूहळू स्वतःच्याच आत झिरपणं, हेही त्यात आहे. म्हणजे कोणी काही न बोलताही माणूस दमतो. आणि हा ताण ज्या गोष्टींनी हलका होतो त्यात आपल्यासारख्यांचा समुदाय हे त्यानं ठळकपणे नोंदवलं आहे. त्या हुशार मुलीच्या "तुम्हाला कोण काय बोलणार आहे" या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. ३० वर्षं मला कोणी काही बोललं नाही, आणि मी ३० वर्षं दमत होते.

इथे एक गोष्ट मला अगदी कळकळीनं सांगायची आहे. हे वाचून कोणी उद्याच्या उद्या घरात सगळ्यांसमोर बोलायला उभं राहू नका. ज्यांचं पोट दुसऱ्याच्या हातात आहे, ज्यांना घराबाहेर काढलं जाईल, मारहाण होईल, त्यांनी गप्प राहणं यात लबाडी नाही. एका माणसाला सांगितलं आणि तिथेच थांबलं, तरी ते सांगणं पूर्ण असतं. आणि दुसऱ्याचं गुपित आपण सांगायचं नसतं, कितीही चांगल्या हेतूनं असलं तरी. आमच्या गटात असे दोघं आहेत ज्यांच्याबद्दल या जगात फक्त आम्हालाच माहीत आहे. महिन्यातले ते दोन तास त्यांना पुरतात, असं ते म्हणतात.

दर वर्षी २३ सप्टेंबर हा बायसेक्शुअल लोकांचा दिवस म्हणून पाळला जातो, १९९९ पासून. गेल्या वर्षी त्या दिवशी गटानं जोडीदारांनाही बोलावलं होतं. नवरा आला. एका कोपऱ्यात एका बाईंच्या नवऱ्याशेजारी बसला. दोघं काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यालाही पहिल्यांदा तोच प्रश्न पडला होता. जाणार का म्हणून." आणि त्यानं गिअरवरचा हात उचलून माझ्या हातावर ठेवला.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते मी तिच्या घरी दिलं. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आदल्या वर्षी झाली होती.

"ताई, ऑपरेशनच्या आधी तू रोज कोणाशी फोनवर बोलायचीस?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी. त्यांचं झालं होतं ना."

"डॉक्टर रोज भेटत होते. मी होते, भावजी होते. आम्ही सगळं करत होतो."

"अगं, पण त्यांना माहीत होतं कसं दुखतं ते."

ती बोलून गेली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग उशीचा अभ्रा ओढून सारखा करत म्हणाली, "तुझं ते महिन्याचं असतं ना, कधी आहे आता?"

"येत्या शनिवारी."

"जा हं. चुकवू नकोस."

गेल्या काही महिन्यांपासून गटात नवीन येणाऱ्यांचा पहिला फोन मी घेते. मंगळवारी रात्री नऊ ते दहा. फोन उचलल्यावर आधी एकच विचारते: आत्ता बोलायला मोकळे आहात ना, जवळ कोणी नाही ना? कारण पुष्कळ जण गच्चीवरून, जिन्यातून, बंद गाडीत बसून बोलत असतात, आणि मधेच "बरं बरं, उद्या बघू" म्हणून फोन ठेवतात. ते ऐकू आलं की मी पण "बरं, उद्या" म्हणते. परत फोन आला की काहीच घडलं नाही अशा सुरात बोलते.

एका गृहस्थांबद्दल त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांनी तीन मंगळवार फोन केला. पहिल्या वेळी नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, घाई नाही, मी दहापर्यंत आहे. चार मिनिटांनी फोन ठेवला गेला. दुसऱ्या वेळी त्यांनी वय सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बायको चांगली आहे हो माझी. नातवंडं आहेत. मला काही बदलायचं नाहीये. मग मी हे तुम्हाला का सांगतोय, तेच कळत नाही."

"सांगा तर खरं."

बराच वेळ गेला. लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, म्हणजे ते बाहेर उभे होते.

"कॉलेजात एक मित्र होता," ते म्हणाले. "सायकल एकच होती आमच्यात. रोज डबलसीट यायचो. तेवढंच. दुसरं काही नाही झालं कधी."

मी विचारलं, "दांडीवर कोण बसायचं?"

ते एकदम गप्प झाले. मग त्यांचा आवाज आला, आतापर्यंत ऐकला नव्हता असा.

"मी," ते म्हणाले. "तो चालवायचा. मी दांडीवर बसायचो."